पाठ असलेले खडक

जुलैत इनारीवर रात्र होत नाही.
उजेड फक्त जरा विटतो,
पुष्कळदा धुतलेल्या निळ्या सदऱ्यासारखा.
बर्फ जाऊन महिना झाला होता,
तरी पाण्यात हात घातला की हाडाला कळायचं
कोणाच्या घरी आलोय ते.

आम्ही पाचजण आणि एक कुत्री.
नाव आजोबांच्या हातची, लाकडी.
शीड मात्र युस्सानं यंदा नवं आणलेलं,
इतकं पांढरं की बाबा त्याच्याकडे बघायचं टाळत होते.
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा,
राईची भाकरी, काळीठिक्कर किटली,
आणि डासांसाठी डांबराच्या वासाचं ते मलम,
जे आई अजून स्वतःच्या बोटानं आमच्या कानामागे लावते.
युस्साच्यासुद्धा, जो रोव्हानिएमीत
चाळीस माणसांचा साहेब आहे.

युस्सानं फोनवर नकाशा उघडला.
बाबांनी फोन हळूच घेतला, भाकरीच्या पिशवीत ठेवला.
"तिथे बरा राहील."

मग सुकाणूशी बसून नेहमीची उजळणी,
पाढे म्हणावेत तशी, पण घाई न करता:
डावीकडे कढईचा तळ,
पुढे दोन बहिणी, एक वर, एक पाण्याखाली,
खालची जास्त खुनशी.
मग आंतीचं जाळं, जिथे आंतीनं सगळी जाळी घालवली
आणि तीन दिवस नुसत्या शिव्या घातल्या.
उजव्या हाताचं ते बेट, तिथे पूर्वी माणसं पुरायचे,
अस्वलांनी उकरू नयेत म्हणून.
तिथून जाताना आवाज खाली.
का, निल्लानं कुजबुजत विचारलं.
झोपलेत, बाबा म्हणाले.
माझ्या मुलाला ते पटलं. एवढ्या उजेडात
झोप लागणं किती अवघड, हे त्याला ठाऊक आहे.

वारा ईशान्येचा, सरळ माणूस.
शीड भरलं. कुत्री नाळेवर जाऊन बसली.
मला वाटतं मी काहीतरी गुणगुणतही होते.

तेव्हा खालून आवाज आला.
फार मोठा नाही.
जड कपाट कोणी फरशीवरून सरकवावं, तेवढाच.
नाव अडली, कलली, कॉफी सांडली,
मग आपली आपण सुटली.

पाणी आत आलं नाही. युस्सानं तीनदा तपासलं.
बाबा मागे बघत होते.
आपल्याच घराचं दार ठोठवावं
आणि अनोळखी माणसानं उघडावं, तसं.
"इथे नव्हता," म्हणाले. आणि थोड्या वेळानं,
"आंतीनंतर काय येतं?"

कोणी बोललं नाही. युस्साची नजर
भाकरीच्या पिशवीपर्यंत गेली आणि परत आली.
त्या परत येण्याबद्दल मी त्याला
बरंच काही माफ केलं.

आई उठली. चव्वेचाळीस वर्षं या नावेत
ती पाठमोरी बसून मासे साफ करत आली,
सुकाणूला तिचा हात लागलेला मी पाहिला नव्हता.
"सरक," म्हणाली, "किटलीत थोडी उरलीय, पिऊन घे."
आणि पाण्याकडे न बघताच सांगू लागली,
आंतीनंतर सुताराचा अंगठा,
त्याच्या आड त्याचं पोर,
मग उथळ, मग शंभर वल्ही काही नाही.
एकही चुकला नाही.
तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी परतताना, त्या जागेच्या अलीकडे
तिनं सुकाणू जरा दाबलं, आणि इतरांच्याच चालीवर म्हणाली,
"उजवीकडे साम्मल."
बाबांचं नाव.
इथे खडकाला नाव मिळतं
ते कोणाची तरी नाव फुटल्यावर.
आमची तर फुटली नव्हती.

बाबा कडेवरून वाकले.
दोन हात खाली, स्वच्छ पाण्यात,
दगडावर आमचा निळा ओरखडा.
"बराच मोठा आहे की," ते म्हणाले, थोडे खुशीत,
आणि निल्लाला जवळ घेऊन
इथे कुठल्या बाजूनं वळायचं ते बोटानं दाखवलं.
बाजू चुकीची होती.
आई काही बोलली नाही. नाव तिनं
हवी तिकडे वळवली.
निल्ला बोटाकडे बघत होता, मग आजीच्या हाताकडे.